तांबीची वही

कुत्रा पाळलेल्या घरी तुम्ही पाहुणे म्हणून गेलात, तर तो कुत्रा तुम्हांला कसा सामोरा येतो? एखादा भुंकतो, एखादा शेपूट हलवत अंगावर उड्या मारतो, तर एखादा नुसता वास घेऊन आपल्या जागी जाऊन बसतो. आमच्या तांबीचे तसे नव्हते. दार उघडून कोणी आत आले, की ती पोट जमिनीला टेकवून सरपटत पुढे येई, कान मागे पाडी, शेपूट पायांत घाली आणि जागच्या जागी लघवी करी. मग उताणी होऊन पोट दाखवी. दिवसातून चार-पाच वेळा हा प्रकार होई. बाहेर फिरवून आणून अर्धा तासही झालेला नसला, तरी चार थेंब का होईना, पडायचेच.

2023 च्या जून महिन्यात साताऱ्याला आमच्या घरी तिला आणले. ती साधी गावठी कुत्री, तांबूस रंगाची, म्हणून नाव तांबी. दातांवरून डॉक्टरांनी वय दीड वर्षाचे सांगितले. त्याआधी ती एका शेडवर आखूड दोरीला बांधलेली असे आणि येता-जाता काठीचा मार खाई. मानेभोवती दोरीने काचल्याचा व्रण होता, तो अजूनही आहे. एका आश्रयगृहातल्या मंडळींनी तिला सोडवले आणि आमची मुलगी हट्टाला पेटली म्हणून ती आमच्याकडे आली.

आता मला एक कबुली दिली पाहिजे. पहिल्या आठवड्यात मी तांबीला शिस्त लावायला निघालो. लहानपणी आमच्या वाड्यात कुत्र्याने घरात लघवी केली, की मोठी माणसे त्याचे नाक त्या ओल्या जागेवर घासत आणि वर्तमानपत्राच्या सुरळीने एक तडाखा देत. मीही तेच केले. सुरळी नुसती उगारली तरी तांबी भिंतीशी चिकटे आणि आणखी लघवी करी. 'बघा, हिला चूक कळते आहे, तरी मुद्दाम करते,' असे मी घरात बोलूनही दाखवले. एवढी वर्षे विद्यार्थ्यांना 'आधी निरीक्षण, मग निष्कर्ष' असे शिकवणाऱ्या माणसाचे हे वर्तन होते!

आमच्या आईला घरात कुत्रे नकोच होते. ती म्हणाली, "अरे, देवघरापर्यंत ओघळ आले. महिन्याभरात हे थांबलं नाही, तर जिथून आणली तिथं नेऊन सोड." तिचेही काही चुकत नव्हते. पण एकदा परत आलेले कुत्रे, तेही असे घाबरट, दुसरे कोण नेणार? म्हणजे तांबीचे पुढचे आयुष्य आता त्या एका महिन्यावर अवलंबून होते.

आधी आजार नाही ना?

आम्ही तिला पशुवैद्यकांकडे नेले. मूत्राशयाचा जंतुसंसर्ग, मुतखडा, मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार यांपैकी काहीही असले, तरी जनावराला लघवी धरून ठेवता येत नाही. अशा वेळी वर्तनाचा विचार करत बसणे म्हणजे दुखणे अंगावर काढणे होय. डॉक्टरांनी लघवीचा एक थेंब एका लहानशा दुर्बिणीसारख्या उपकरणाच्या काचेवर ठेवला आणि ते उजेडाकडे धरून पाहिले. मला ओळख पटली. तो अपवर्तनमापक होता. द्रवात विरघळलेले पदार्थ जितके जास्त, तितका त्याचा अपवर्तनांक जास्त, आणि त्यावरून विशिष्ट गुरुत्व कळते. कुत्र्याच्या लघवीचे विशिष्ट गुरुत्व 1.030 च्या वर असेल, तर मूत्रपिंडे पाणी नीट शोषून घेत आहेत, असे समजतात. तांबीचा आकडा तसा होता. बाकी तपासण्याही ठीक निघाल्या.

मग डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "ही घरात घाण करत नाही, सर. ही तुम्हांला शरण येते आहे. तुम्ही जितके रागवाल, तितकी ती जास्त शरण येईल."

त्यांनी आणखी एक गोष्ट बजावली. लघवी कमी व्हावी म्हणून पाणी तोडायचे नाही. कुत्र्याला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण 50 ते 60 मिलिलिटर पाणी लागते. चौदा किलोच्या तांबीला म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास. पाणी तोडल्याने भीती कमी होत नाही, उलट आजार मात्र होतो.

वहीने काय सांगितले?

घरी आल्यावर नववीत शिकणाऱ्या मुलीने एक जुनी वही काढली आणि रकाने आखले : वेळ, कोण आले, तो माणूस उभा होता की बसलेला, हातात काय होते, आवाज कसा होता, आणि तांबीने लघवी केली की नाही. ज्याने पाहिले त्याने लिहायचे. दहा दिवसांत 41 वेळा 'केली' असे लिहिले गेले. त्यांची वाटणी अशी : 19 वेळा बाहेरून कोणी दारातून आत आले तेव्हा, 12 वेळा तिला कुरवाळायला कोणी वरून वाकले तेव्हा, 6 वेळा कोणाच्या हातात केरसुणी, छत्री किंवा काठी होती तेव्हा, आणि 4 वेळा मी फोनवर मोठ्याने बोलत होतो तेव्हा. ती एकटी असताना एकदाही नाही. रात्री झोपेत एकदाही नाही.

वहीतली सर्वांत विचित्र गोष्ट मात्र वेगळीच होती. जिला कुत्री घरात नको होती, त्या आमच्या आईसमोर तांबीने एकदाही लघवी केली नव्हती!

आम्ही विचारात पडलो. मग मुलीनेच उलगडा केला. "बाबा, आजी काय करते पाहा ना. ती खाली बसून तांदूळ निवडत असते. तांबीकडे बघतसुद्धा नाही. हळू आवाजात स्तोत्र म्हणत असते." खरेच, आई तिला टाळत होती, आणि टाळता टाळता नकळत जे जे करायला हवे ते सगळे करत होती. ती जमिनीवर बसलेली असे, पाठ किंवा कूस तांबीकडे असे, नजर सुपात असे आणि आवाज एकसारखा, हलका असे. तांबी हळूच येऊन तिच्यापासून हातभर अंतरावर अंग टाकी.

ही सवय येते कुठून?

याचे मूळ समजण्यासाठी कुत्र्याच्या अगदी लहान पिल्लाकडे पाहिले पाहिजे. जन्मतः पिल्लाचे डोळे मिटलेले असतात, कानही बंद असतात. पहिले सुमारे तीन आठवडे त्याला आपली आपण लघवीही करता येत नाही. आई त्याला उताणे पाडून पोटाखालचा भाग चाटते. त्या स्पर्शाने प्रतिक्षिप्त क्रिया घडते आणि पिल्लू लघवी करते. आई ती चाटून टाकते, त्यामुळे पिल्लांची जागा कोरडी राहते. म्हणजे 'मोठ्यासमोर उताणे पडणे, निश्चल राहणे आणि लघवी होणे' ही साखळी कुत्र्याच्या आयुष्यात सर्वांत आधी येते, आणि तिच्यात धोका नसतो, आईची माया असते.

स्विस प्राणिशास्त्रज्ञ रुडॉल्फ शेंकेल यांनी लांडग्यांच्या वर्तनाचा अनेक वर्षे अभ्यास केला. 1967 साली प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी लांडगा आणि कुत्रा यांच्या शरणागतीचे दोन प्रकार मांडले. पहिल्या प्रकारात दुय्यम प्राणी अंग चोरून, शेपूट हलवत वरचढाकडे जातो व त्याचे तोंड चाटू पाहतो. हे आईकडे खाऊ मागणाऱ्या पिल्लाचे वागणे. दुसऱ्या प्रकारात तो उताणा पडून पोट उघडे टाकतो, आणि कधीकधी त्यातच लघवी होते. हे आई स्वच्छ करीत असतानाचे पिल्लाचे वागणे. म्हणजे मोठा झालेला कुत्रा जणू सांगत असतो, 'मी लहान आहे, माझ्यापासून तुला काही धोका नाही, मला मारू नकोस.' कुत्र्यांच्या आपापसांत हा निरोप बहुधा लगेच पोहोचतो आणि समोरचा कुत्रा वास घेऊन निघून जातो. माणसाला मात्र तो पोहोचत नाही. त्याला फक्त ओली फरशी दिसते.

लघवीवर ताबा कसा असतो तेही थोडक्यात पाहू. मूत्राशय ही स्नायूंची ताणली जाणारी पिशवी. तिच्या तोंडाशी वर्तुळाकार स्नायूंच्या दोन झडपा असतात. आतली आपोआप चालते. बाहेरची आपल्या इच्छेनुसार मिटते-उघडते. दोन्हींचे आदेश अखेर मेंदूतून येतात, आणि मेंदूत भीतीचे वादळ उठले की इच्छेचा ताबा सुटतो. खूप रागावलेल्या मोठ्या माणसासमोर लहान मुलाची चड्डी ओली होते, ती काही त्याने ठरवून केलेली नसते. तांबीही ठरवून काही करत नव्हती. जे ठरवून केलेलेच नाही, त्याला शिक्षा करून काय उपयोग?

बहुतेक पिल्लांची ही सवय वयाच्या वर्षभरात आपोआप सुटते. तांबीसारख्या मार खाल्लेल्या कुत्र्याच्या बाबतीत मात्र रोजची भीती त्या जुन्या साखळीला खतपाणी घालत राहते.

किंचाळणारा माइक

शाळेच्या स्नेहसंमेलनात माइक एकदम किंचाळतो, हे तुम्ही ऐकलेच असेल. माइकमध्ये शिरलेला बारीकसा आवाज कर्ण्यातून मोठा होऊन बाहेर पडतो. तोच पुन्हा माइकमध्ये शिरतो, आणखी मोठा होतो, आणि हे चक्र क्षणात हाताबाहेर जाते. याला फीडबॅक म्हणतात. आमच्या घरात हेच चालले होते. मी वाकून पाहिले, तांबी शरण आली. लघवी पाहून मी रागावलो, ती आणखी शरण आली. तिच्यापाशी 'मारू नका' म्हणण्याचा एकच शब्द होता आणि नेमक्या त्याच शब्दासाठी मी तिला मारत होतो.

'हिला चूक कळते आहे' हा माझा निष्कर्षही खोटा होता. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातील संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 साली 14 पाळीव कुत्र्यांवर केलेला एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध झाला. मालकाने कुत्र्याला समोरचा खाऊ खायची मनाई करायची आणि खोलीबाहेर जायचे. तो बाहेर असताना कधी कुत्र्याला खाऊ दिला जाई, कधी तो उचलून ठेवला जाई. परत आलेल्या मालकाला 'कुत्र्याने खाल्ले' किंवा 'खाल्ले नाही' असे सांगितले जाई, पण ते प्रत्येक वेळी खरे नसे. काय दिसले? कान पाडणे, नजर चुकवणे, अंग चोरणे, म्हणजे ज्याला आपण 'अपराधी चेहरा' म्हणतो, त्याचा कुत्र्याने खाऊ खाल्ला होता की नाही याच्याशी संबंध नव्हता. संबंध होता मालक रागावण्याशी. किंबहुना न खाताच बोलणी खाणारे कुत्रे अधिक 'अपराधी' दिसले. तो चेहरा चुकीची कबुली नव्हे. आपल्या रागाला दिलेले ते उत्तर असते.

तांबीच्या डोळ्यांतून

इथे माझा विषय कामी आला. एके संध्याकाळी आम्ही मोजपट्टी घेऊन बसलो. तांबी उभी असताना तिचे डोळे जमिनीपासून 45 सेंटिमीटर उंचीवर येतात. माझी उंची 170 सेंटिमीटर. म्हणजे माझे डोके तिच्या डोळ्यांपेक्षा 125 सेंटिमीटर वर. मी तिच्यापासून 1 मीटरवर उभा असलो, तर माझ्या डोक्याकडे पाहण्यासाठी तिला नजर किती अंशांनी वर करावी लागेल? कोनाची टॅन किंमत 125 भागिले 100, म्हणजे 1.25, कोन सुमारे 51 अंश. अर्ध्या मीटरवर आलो की कोन 68 अंशांचा होतो. म्हणजे मी जवळजवळ आभाळासारखा तिच्या डोक्यावर येतो! आणि हे ती उभी असतानाचे. पोट टेकवल्यावर तर मी आणखीच उंच.

तुमचे डोळे जमिनीपासून 150 सेंटिमीटरवर आहेत असे धरा. त्याच प्रमाणात तुमच्यासमोर उभा राहणारा प्राणी सुमारे 5.7 मीटर उंच, म्हणजे दुमजली घराएवढा असेल. तो तुमच्यावर वाकला आणि त्याने पंजा तुमच्या डोक्याकडे आणला, तर त्याच्या मनात केवळ कुरवाळायचे आहे, हे तुम्हांला कसे कळावे?

आता मी मांडी घालून खाली बसलो. माझे डोके 85 सेंटिमीटरवर आले, म्हणजे तांबीच्या डोळ्यांपेक्षा फक्त 40 सेंटिमीटर वर. 1 मीटर अंतरावरून कोन उरला 22 अंश. उभे राहून हाच कोन साधायचा, तर मला 3 मीटर मागे जावे लागते. आईने सूप घेऊन खाली बसण्यात जे साधले होते, ते हे. आवाजाचेही असेच आहे. मोकळ्या अंगणात अंतर तिप्पट केले, की आवाजाची तीव्रता एकनवमांश होते. चार भिंतींत प्रतिध्वनींमुळे ती इतकी कमी होत नाही. म्हणून पहिली भेट घरात नको, अंगणात हवी.

थोडे थोडे, रोज

घाबरलेल्या जिवाची भीती घालवण्याचा एक जुना आणि नामांकित प्रयोग 1924 साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांच्याकडे पीटर नावाचा तीन वर्षांचा मुलगा होता. तो सशाला घाबरे. पीटर आवडीचे काही खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीत लांब ठेवला जाई. पीटर शांत राहिला तर पुढच्या वेळी थोडा जवळ. असे करता करता अखेर पीटर सशाला हाताने कुरवाळू लागला. यात एक धोका आहे, हेही जोन्स यांनी ओळखले होते. घाई केली तर मूल सशावर प्रेम करण्याऐवजी खाण्यालाच घाबरू लागेल! म्हणून अंतर नेहमी असे हवे, की भीती जागी होण्याच्या आतच थांबता येईल.

तांबीसाठी आम्ही पुढील नियम कागदावर लिहून दारामागे लावले.

पहिला : बाहेरून येणाऱ्याने तांबीकडे पाहायचे नाही, बोलायचे नाही. चपला काढून सरळ अंगणात जायचे. ती मागोमाग येते, मातीत लघवी करते, मूत्राशय रिकामे होते. मग तिची भेट घ्यायची.

दुसरा : भेटताना खाली बसायचे, तिच्याकडे कूस करून. हात गुडघ्याशी ठेवायचा. यायचे की नाही हे तिने ठरवायचे. आली तर डोक्यावर थोपटायचे नाही. हनुवटीखाली किंवा छातीवर खाजवायचे.

तिसरा : लघवी झालीच तर रागवायचे नाही, 'अगं अगं' करून गलकाही करायचा नाही. ती बाजूला गेल्यावर मुकाट्याने साबणाच्या पाण्याने पुसून वर व्हिनेगरचा बोळा फिरवायचा. लघवीतल्या युरियापासून जिवाणू अमोनिया बनवतात, म्हणून अमोनिया असलेल्या द्रवाने फरशी पुसली तर वास जाण्याऐवजी त्यात भर पडते.

चौथा : रोज दोनदा, पाच-पाच मिनिटे सराव. भाकरीचा कुसकर किंवा उकडलेल्या अंड्याचा तुकडा तिच्यापुढे जमिनीवर टाकायचा आणि त्याच वेळी हात थोडासा वर न्यायचा. आज चार बोटे, दोन दिवसांनी वीतभर. ती खाणे थांबवून कान मागे पाडू लागली, तर त्या दिवशी पुढे जायचे नाही. एक पायरी मागे. पुढे हाच सराव वाकण्याचा, मग केरसुणी हातात घेण्याचा.

पाचवा : तिला भीतीऐवजी करता येईल असे एक काम शिकवायचे. आम्ही 'नाक' हा शब्द शिकवला. तळहात तिच्या तोंडाच्या उंचीवर धरून 'नाक' म्हटले, की तिने त्याला नाक लावायचे आणि तुकडा मिळवायचा. माणूस समोर आला तर करायचे काय, या प्रश्नाला तिच्यापाशी आता दुसरे उत्तर तयार झाले.

सर्वांत अवघड नियम कोणता, ठाऊक आहे? पहिला. आणि तो तांबीला नव्हे, आम्हांलाच अवघड गेला. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला 'कृपा करून कुत्रीकडे पाहू नका' असे सांगावे लागे. लोकांना ते तुसडेपणाचे वाटे.

महिना संपला तेव्हा वहीत आठवड्याच्या 11 नोंदी होत्या. सुरुवातीला त्या आठवड्याला तीसच्या घरात असत. आईने वही पाहिली, बोटाने आकडे मोजले आणि म्हणाली, "राहू दे आणखी महिनाभर. कमी होतंय." सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात 2 नोंदी झाल्या. ऑक्टोबरात दोन आठवडे वही कोरी राहिली.

पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांचा पूर

आणि मग दिवाळी आली. 12 नोव्हेंबरला लक्ष्मीपूजनाच्या रात्री गल्लीत फटाक्यांच्या माळा लागल्या. तांबी कपाटामागे शिरली. दुसऱ्या दिवशी मी नुसता दारात उभा राहिलो, तर जूनमधली तांबी परत आली. सरपटत, कान पाडून, लघवी करत. मुलीला रडू आले. पाच महिन्यांचे काम पाण्यात गेले, असे सर्वांना वाटले.

त्या रात्री मला इव्हान पाव्हलॉव्ह यांच्या कुत्र्यांची आठवण झाली. घंटा वाजताच लाळ गाळणारे त्यांचे कुत्रे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले असतील. पण त्या कुत्र्यांवर एक प्रसंग आला होता, तो फारसा सांगितला जात नाही. 23 सप्टेंबर 1924 रोजी लेनिनग्राडला नीव्हा नदीला मोठा पूर आला. कुत्र्यांच्या खोल्यांत पाणी शिरले. त्यांना मोठ्या मुश्किलीने, पोहत प्रयोगशाळेच्या इमारतीत आणावे लागले. पूर ओसरला, कुत्रे वाचले. पण काही कुत्र्यांच्या शिकवलेल्या सवयी, म्हणजे अभिसंधित प्रतिक्षेप, पार पुसल्यासारखे झाले होते. एरवी प्रयोगाच्या वेळी कुत्रा खोलीत एकटा असे. आता प्रयोगकर्ता नुसता त्याच्याजवळ खोलीत बसून राहू लागला, आणि हरवलेले प्रतिक्षेप परत आले! पुढे काही आठवड्यांनी सारे सुरळीत झाल्यावर शास्त्रज्ञांनी दाराखालून पाण्याची एक बारीक धार खोलीत सोडली. तेवढ्यानेच कुत्रा पुन्हा बिथरला.

यातून दोन गोष्टी समजतात. भीती कमी झाली तरी तिची खूण मेंदूत राहते आणि जुन्या धोक्याची लहानशी आठवणही ती जागी करू शकते. ही झाली एक. दुसरी अशी, की शिकलेलेही पुसले जात नाही. विश्वासातले कोणी जवळ बसले तर ते परत येते. आम्ही दारामागचा कागद पुन्हा वाचला आणि पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. या वेळी पाच महिने लागले नाहीत. तीन आठवडे पुरले.

2024 च्या जानेवारीनंतर वहीत एखाददुसरीच नोंद आहे. आजही हातात काठी घेतलेला अनोळखी माणूस दारात आला, तर तांबी अंग चोरते. तेवढे बहुधा राहीलच. पण मी घरी आलो, की ती उभ्याने येते, माझ्या तळहाताला नाक लावते आणि शेपूट हलवते. आईने 'परत नेऊन सोड' हे वाक्य पुन्हा काढलेले नाही. तांदूळ निवडताना ती सूप थोडे बाजूला सरकवून बसते, एवढेच.

वर्तमानपत्राची सुरळी मात्र मी विसरलेलो नाही. तोंडी परीक्षेत एखादा विद्यार्थी गप्प झाला, की 'अभ्यास केलेला नाही' असा शेरा माझ्या मनात तयार असे. आता मी आधी खुर्ची मागे घेतो, त्याला बसायला सांगतो आणि सोपा प्रश्न विचारतो. पुष्कळदा उत्तर येते.

करून पाहा

कोनमापकाच्या मध्याला दोरा बांधून त्याला खिळा लटकवा. झाला तुमचा उंची-कोन मोजण्याचा मापक! मित्राला 1, 2 आणि 3 मीटर अंतरावर उभे करा. तुम्ही जमिनीपासून 45 सेंटिमीटरवर डोळा आणून कोनमापकाच्या सरळ कडेवरून त्याच्या डोक्याचा शेंडा पाहा आणि दोरा 90 च्या खुणेपासून किती अंश सरकला ते वाचा. मग मित्राला खाली बसवून पुन्हा मोजा. कोष्टक तयार करा आणि टॅन किंमतीवरून आलेल्या उत्तरांशी ताडून पाहा. घरात कुत्रे असेल तर आठवडाभर त्याची वहीही ठेवा. निष्कर्ष मात्र आठवडा संपल्यावरच काढा.

एक इशारा. हे प्रयोग रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्यावर करू नका. भेदरलेला प्राणी कोंडीत सापडला तर चावूही शकतो. पाळलेल्या कुत्र्याला रेबीजची लस वेळच्या वेळी टोचून घ्या. कुठलाही कुत्रा चावला किंवा ओरखडला, तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवा, घरी सांगा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन लस घ्या.